मयत आरोपीचे चार मेसेज

"साजिद कुठं आहे?" फौजदार अर्पिता खरातनं विचारलं.

काउंटरमागचा म्हातारा हळूच उठला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर देतात तसला काळा चष्मा त्याच्या नाकावर होता.

"कब्रस्तानात," तो म्हणाला. "दोन जूनला गेला. अंबड रोडवर ट्रकनं उडवलं माझ्या लेकराला. काय काम होतं त्याच्याशी?"

अर्पिताच्या हातात फिर्यादीची प्रत होती. आरोपी साजिद. गुन्ह्याची तारीख अठरा जुलै. शेजारी उभ्या असलेल्या हवालदार काकासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे दुकान. टीव्ही, मिक्सर, पंखे आणि मुलांची गेम खेळायची मशीनं दुरुस्त करायचं. म्हातारा म्हणजे साजिदचे वडील, ख्वाजामियाँ. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक दार होतं, त्यावर पडदा. पडद्यापलीकडे घर.

"बसा," ख्वाजामियाँ म्हणाले. "अर्शिया, चहा देना बेटा."

जरा वेळानं पडद्यातून एक हात आला आणि ट्रे ठेवून परत गेला.

"साजिदची बायको. इद्दतमध्ये बसलीय. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाय टाकायचा न्हाई."

अर्पितानं फिर्याद वाचून दाखवली. गेम बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून साजिदच्या फोनवर मेसेज करत होता. त्यानं कुरिअरनं एक नवं कोरं मशीन पाठवलं. ते परत आलं तेव्हा आत नखाहून लहान चिप बसवलेली होती, केसाएवढ्या तारेच्या सहा जोडांनी, आणि बावीस नकली गेम भरलेले होते.

"मशीन ज्याचं त्याचं," ख्वाजामियाँ म्हणाले. "त्यानंच सांगितलं तर उघडलं. यात गुन्हा कसला?"

"उघडून दुरुस्त करण्यात गुन्हा नाही, चाचा. पण नकली गेम चालू नयेत म्हणून कंपनीनं आत एक कुलूप घातलेलं असतं. ते तोडायचं आणि वर चोरीचे गेम भरून द्यायचे, याला कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे."

ख्वाजामियाँनी मान खाली घातली. "साजिद करायचा. मी लई टोकलं त्याला. म्हणायचा, अब्बा, पोरांच्या खेळण्याला कोण पोलीस येतंय."

"साजिद नव्हता तेव्हाचं हे काम आहे. त्याचा फोन कोणाकडे असतो?"

"घरातच. कपाटात."

"वापरतं कोण?"

म्हाताऱ्यानं पडद्याकडे पाहिलं. एक क्षणच. मग चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मी," तो म्हणाला. "मीच केलं ते. लिहून घ्या."

"चिप कुठं बसवली?"

"मागच्या बाजूला. वायर लावतात तिथं."

चिप मशीनच्या पार पोटात होती. अर्पितानं काहीच लिहून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर काकासाहेब म्हणाले, "म्हातारं खोटं बोलून राह्यलंय, मॅडम. ह्या डोळ्यांनी त्यांना माझं नाक दिसंना."

"दिसतंय मलाही. पण कोणासाठी, ते कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातला कारागीर कल्याण याला ठाण्यात बोलावलं. तिशीतला, शांत माणूस. साजिदचं नाव काढलं तसे त्याचे डोळे भरून आले.

"तू किती वर्षं आहेस दुकानात?"

"नऊ."

"चिप बसवायला येते?"

"न्हाई मॅडम. मी पंखे, मिक्सरवाला. ते काम साजिदभाई कुणाला शिकवत नव्हते. म्हणायचे, फसलो तर एकटा फसंन."

"केव्हा करायचे?"

"शुक्रवारी. दुपारी दुकान बंद असतंय. मी बाराच्या गाडीनं हसनाबादला जातो आईकडं, येतो शनिवारी. ते नमाजहून येऊन बसायचे."

"साजिद गेल्यावर दुकानात काही वेगळं दिसलं?"

कल्याण घुटमळला. "शनिवारी आलो की टेबलावरची राळ कमी झालेली असायची. डाग द्यायला लागते ती. मला वाटलं, चाचा लेकाच्या खुर्चीत बसून काहीतरी करत असतील. विचारलं न्हाई."

साजिदची बहीण सालेहा एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचं बोलणं तुटक होतं.

"भावाचा फोन मी हातात घेतलेला न्हाई. मला त्याच्याकडं बघवत न्हाई."

"शुक्रवारी दुपारी तू कुठं असतेस?"

"लॅबमध्ये. पाच वाजेपर्यंत. अंगठ्याची हजेरी आहे, बघून घ्या."

अर्पितानं हजेरी मागवून पाहिली. एकही शुक्रवार चुकलेला नव्हता.

संध्याकाळी ती फिर्यादीसोबतचे मेसेज घेऊन बसली. गिऱ्हाईक बनलेल्या माणसानं पहिल्यांदा लिहिलं होतं, 'साजिदभाई, आठ दिवस झाले मेसेज करतोय. जिवंत आहात ना?'

साजिदच्या नंबरवरून चार उत्तरं आली होती.

वीस जून, एक चाळीस. 'आहे.'

सत्तावीस जून, एक पंचवीस. 'मशीन पाठवा. बराबर करून देतो.'

चार जुलै, दोन वाजून पाच मिनिटं. 'मिळालं. बघून सांगते.'

अठरा जुलै, दोन वीस. 'झालं. बावीस गेम टाकलेत.'

तिनं तिसरा मेसेज परत वाचला. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि चारही तारखांवर बोट ठेवून पाहिलं.

"काकासाहेब, शुक्रवारी दुपारी तुमची ड्यूटी कुठं असते?"

"मशिदीसमोर बंदोबस्ताला."

"ख्वाजामियाँ येतात?"

"एक शुक्रवार चुकत न्हाई. पहिल्या अजानीला येतात आन् सगळ्यांच्या शेवटी निघतात. लेक गेल्यापासून तर तीन तीन वाजेस्तोवर बसून राहतात."

अर्पितानं मेसेजचे कागद मिटले. उत्तर सापडलं होतं, आणि ते सापडायला नको होतं असं तिला वाटत होतं.

शुक्रवारी साडेतीनला ती परत दुकानात आली. बरोबर काकासाहेब, महिला शिपाई नंदाबाई आणि शेजारचे दोन पंच. तिनं सालेहाला सुट्टी काढायला लावली होती आणि कल्याणला गावी जाऊ दिलं नव्हतं. ख्वाजामियाँ नुकतेच मशिदीतून आले होते.

"चाचा, तुम्ही मंगळवारी गुन्हा कबूल केलात," तिनं सुरुवात केली. "तो तुमचा नाही. चारही मेसेज शुक्रवारचे आहेत, सव्वा ते अडीचच्या मधले. त्या वेळेला तुम्ही मशिदीत असता. काकासाहेब साक्षीदार आहेत."

मग ती कल्याणकडे वळली.

"कल्याण शुक्रवारी हसनाबादला असतो. राळ कमी झाली हे त्यानं आपणहून सांगितलं. स्वतः वापरली असती तर कशाला सांगितलं असतं? आणि तिसरा मेसेज पुरुषानं लिहिलेला नाही. साजिदसारखं लिहायचा प्रयत्न आहे. एकदा 'करून देतो' असं जमलंय. पण चार जुलैला हातून 'सांगते' असं गेलं. लिहिणारी बाई आहे."

सालेहानं दचकून वर पाहिलं.

"सालेहा नव्हे. ती त्या वेळी लॅबमध्ये होती." अर्पिताचा आवाज खाली आला. "राहिलं एकच माणूस. त्याचा विचार मी पहिल्या दिवशीच सोडून दिला होता, कारण ते घराबाहेर पडत नाही. पण घराबाहेर पडायची गरजच नव्हती. हे दुकान घराचंच पुढचं अंग आहे. पार्सल घराच्या दारात यायचं, तिथूनच परत जायचं. मधे फक्त हा पडदा."

"मॅडम, बस करा," ख्वाजामियाँ हात जोडून म्हणाले. "मला न्या. माझं वय झालंय. तिला कशाला..."

पडदा बाजूला झाला.

अर्शिया पंचविशीची असेल. पांढरी ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. हातात एक जुना फोन होता.

"अब्बांना कायबी माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं," ख्वाजामियाँ पुटपुटले. "एका शुक्रवारी आलो तर डाग द्यायची सळई गरम लागली हाताला. कल्याण बंद करायला इसरला असंल म्हणलं. मंगळवारी मॅडमनी तारीख सांगितली, तवा समजलं."

"काम कुठं शिकलीस?" अर्पितानं विचारलं.

"त्यांच्याजवळ बसून. लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी मी भिंग धरायची. मंग बारीक जोड मलाच द्यायला लावायचे. म्हणायचे, तुझा हात माझ्याहून हलका आहे."

"कायद्यानं गुन्हा आहे, हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग का केलंस? पैशासाठी?"

"पैसे त्यांच्या खात्यात पडून आहेत. हात लावलेला न्हाई." ती थांबली. बोलायला तिला फार कष्ट पडत होते. "त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते. घरात सगळे म्हणायचे, सबर कर. फोन वाजला. त्या माणसानं विचारलं, जिवंत आहात ना. आता त्याला काय लिवू मी? मयत झाले असं लिवायला घेतलं. दोन अक्षरं लिवली, पुसली. तीनदा पुसली. मंग लिवलं, आहे."

अर्शियानं साजिदच्या टेबलाकडे बोट केलं.

"मशीन आलं तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसले. तेच टेबल, तोच राळेचा वास. तेवढा एक तास वाटायचं, नमाजहून येतच असतील. ते आल्यावर म्हणतील, दाखव, कसं जमलंय. मॅडम, मला गेम न्हाई विकायचे होते."

अर्पितानं वही उघडली. मिटली. परत उघडली.

"अर्शिया, मला हे लिहावं लागेल," ती म्हणाली. "तू का केलंस, त्यासाठी कायद्यात रकाना नाही. अटक करत नाहीये, नोटीस देते. तुझी इद्दत होईपर्यंत जबाब इथंच घरी घेऊ. वकील करा चांगला. कोर्टात हे सगळं असंच सांग, एक शब्द लपवू नकोस. पण सुटशीलच असं मी म्हणणार नाही."

"हां."

"आणि फोन द्यावा लागेल. पुरावा आहे."

अर्शियानं फोन छातीशी धरला. सालेहा उठून तिच्याजवळ गेली. घरात अडीच महिने त्या फोनकडे न बघणाऱ्या त्या मुलीनं भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला, पण फोन घेतला नाही.

काकासाहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. ते लिहिताना मोठ्यानं बोलायचे, तशी त्यांची सवय होती. "एक मोबाइल फोन, काळ्या रंगाचा, काचेला तडा गेलेला, मयत साजिद यांचा..." ते मधेच थांबले. वर पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

कागद अर्शियापुढे आला. फोन हजर करणारी म्हणून तिला सही करायची होती. पोलिसांच्या मराठीत आणि तिच्या घरच्या उर्दूत 'मयत' हा शब्द एकच होता. तिनं तो वाचला. खूप वेळ वाचत राहिली. मग खाली सही केली, अर्शिया साजिद.

"फोन बंद करावा लागंल?" तिनं विचारलं.

"हो. बंद करूनच सील करतात."

"मंग मी करते."

पंच पुढे सरकून बघू लागले. तिनं बाजूचं बटण दाबून धरलं. काचेवर प्रश्न आला, बंद करायचं का. तिनं अंगठा त्याच्यावर अधांतरी धरला. कोणी घाई केली नाही. नंदाबाई तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होती.

अंगठा टेकला. काच काळी झाली.

अर्शियानं फोन अर्पिताच्या हातात दिला आणि तिथंच, टेबलाच्या पायाशी, खाली बसली. आधी आवाज आला नाही. ख्वाजामियाँ चाचपडत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून शेजारी बसले.

"रो ले, बेटी," ते म्हणाले. "अब रो ले."

अडीच महिन्यांत पहिल्यांदा अर्शिया मोठ्यानं रडली.