चौसष्टपासून पुढच्या हरकती

आमच्या नगरपालिकेत हरकत घ्यायची रीत सोपी आहे. पिवळा फॉर्म भरायचा, दाराशेजारच्या पेटीत टाकायचा. मी आवक लिपिक. पेटी उघडून फॉर्मवर शिक्का मारतो, क्रमांक देतो. सुनावणीच्या दिवशी सभागृहात तो क्रमांक तीनदा पुकारतो. कुणी 'हजर' म्हटलं तर हरकत धरायची, नाहीतर काट मारायची. शंभर हजर भरले तर प्रस्ताव परत जातो. आजवर एकही गेला नव्हता. शंभर माणसं कामधंदा सोडून येत नाहीत, हे नियम करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

या खेपेचा प्रस्ताव अणुकचऱ्याचा. बंद पडलेल्या खाणीत पिंपं पुरायची. कंपनीने घरटी एक नोकरी कबूल केली आणि भल्याभल्यांची तोंडं बंद झाली. खाणीला पाठ लावून एकच घर आहे, माझ्या ताईचं. कुंपण पडलं की घर आत जाणार आणि ताई बाहेर.

ताईने चाळीस वर्षं बालवाडी चालवली. मी शाळेत फारसा टिकलो नाही. जे चार शब्द लिहितो ते तिच्या धपाट्यांमुळे. चौपन्न वर्षांचा झालो तरी ती मला ढब्बू म्हणते.

"किती झाले रे ढब्बू?"

"त्रेसष्ट. तुझ्यासकट."

"शंभराला किती कमी?"

"सदतीस. तूच शिकवलंस की."

"शिकवलं होतं. तुझ्या डोक्यात शिरलं असेल असं वाटलं नव्हतं."

एक चूक माझ्याकडून आधीच झाली होती. नोटीस मी टाइप केली. त्यात दोन रकाने होते, साठवणुकीची मुदत आणि हरकतींची मुदत. मी उलटे भरले. साठवणूक तीस दिवस, हरकती दहा हजार वर्षं. साहेबांनी न वाचता सही ठोकली, नोटीस चिकटली, पेपरात छापूनही आली. दुरुस्ती करायची तर सगळं पहिल्यापासून. साहेब म्हणाले, "राहू दे. वाचतंय कोण?"

कुणीतरी वाचली.

सोमवारी पेटीत चौसष्टावा फॉर्म निघाला. पिवळा, आमचाच, पण कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. कोपरा फाडून बघितला, फाटेना. पत्ता प्रभाग सत्तेचाळीस. आमच्याकडे प्रभाग आहेतच नऊ. हरकतीचं कारण: 'विहिरीचं पाणी कोमट लागतं.'

मला वाटलं, कंपनीचाच डाव. खोट्या हरकती घुसवून खऱ्याही बाद करायच्या. पेटीला दुसरं कुलूप लावलं. शिपाईमामांना दिवसभर समोर स्टुलावर बसवलं. मामांच्या नजरेतून माशी सुटत नाही. पाच वाजता पेटी उघडली. चार फॉर्म.

"कोण आलं होतं, मामा?"

"कुणी नाही." मग पेटीकडे न बघता म्हणाले, "दोनदा वाटलं, आतल्या आतच काहीतरी पडलं."

मी शिक्के मारले. कागद आला की शिक्का, डोकं चालवायचं नाही, हे साहेबांनीच शिकवलेलं. एरवी या शिकवणीची मला शिसारी येते. त्या दिवशी ती उपयोगी पडली.

फॉर्म येत राहिले. कारणं लहान होत गेली. 'इथे पाखरं उतरत नाहीत.' 'दार कुणी उघडलं माहीत नाही.' 'आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.' मग अक्षरंच ओळखू येईनात.

काही फॉर्म ताईला दाखवायला नेले. तिने चष्मा लावला आणि एकेक फॉर्म उजेडाला धरून पाहिला. सगळं जग आधी अक्षर काढतं, मग वर रेघ मारतं. ताई पोरांना आधी रेघ मारायला लावायची आणि अक्षरं तिला टांगायला, दोरीवर कपडे वाळत घालतात तशी. इतर शिक्षक हसायचे तिला. या फॉर्मांवर, न वाचता येणाऱ्यांवरसुद्धा, रेघ आधी मारलेली होती. अक्षरांची शाई रेघेवर चढली होती.

"माझी पोरं आहेत ही," ताई म्हणाली. "पोरांची पोरं असतील. त्यांच्याही पुढची." तिने रेघेवरून बोट फिरवलं. "हात कापतोय रे यांचा."

सुनावणी सकाळी अकराला. सभागृहात लख्ख ऊन. कंपनीचा अधिकारी पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेला. त्रेसष्ट जण आले होते, त्रेसष्ट हजर म्हणाले.

"बाकीच्यांवर काट मारा," साहेब म्हणाले. "समोर बसलेत तेवढेच लोक आहेत."

"पुकारावं लागतं, साहेब. नियम तुमचाच आहे."

हरकत क्रमांक चौसष्ट. कुणी नाही. पुन्हा पुकारलं. कुणी नाही. तिसऱ्यांदा पुकारलं.

मागच्या रिकाम्या बाकांवरून आवाज आला, "हजर."

आवाज पोराचा नव्हता, म्हाताऱ्याचाही नव्हता. सगळ्यांनी ऐकला. मान कुणीच वळवली नाही.

पासष्ट.

"हजर."

सहासष्ट.

"हजर."

एकट्या ताईने मागे वळून पाहिलं. आणि हसली, बुजरं पोर पहिल्यांदा तोंड उघडायचं तेव्हा हसायची तशी.

शंभर भरले तेव्हा अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होती. साहेबांनी प्रस्ताव परत पाठवला. सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला, जन्मात पहिल्यांदा.

ताईचं घर राहिलं. त्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून मी तीन कप चहा प्यायलो आणि चौथा मागितला म्हणून बोलणी खाल्ली.

पण पिंपं आली नाहीत, तर पाणी कोमट कशाने होतंय? फॉर्म थांबायला हवे होते. एवढं गणित ढब्बूलाही येतं. पेटी रोज भरते. हरकतींची मुदत चालू आहे, म्हणून रोज अकराला पुकारावं लागतं. साहेब त्या वेळी बाहेर जातात. ताई येते, शेवटच्या बाकावर बसते.

"प्रस्ताव परत गेला ना, ताई?"

"गेला."

"मग ही अजून येतात कशी?"

"तू पुकार."

आज दोन हजार अकरावा क्रमांक पुकारला. पहिल्याच हाकेला, ताईच्या अगदी कानाशी, "हजर" आलं. ताईने बघितलंही नाही, नुसतं सरकून जागा करून दिली. बाकाची फळी करकरत खाली दबली.

मग ती आणखी थोडी सरकली. पुढचा क्रमांक मी अजून पुकारलाच नव्हता.