डावीकडचं हसू

डोकं गरगरलं म्हणून ती समोर दिसलं त्या दारात शिरली आणि समोर दिसलं त्या स्टुलावर बसली. डोळे मिटून दम खातेय न खातेय, तोच भपकन दिवे लागले आणि कुठून तरी आवाज आला.

"हनुवटी जरा खाली. खांदे सैल सोडा. आणि हसू नका."

"मी कुठे हसतेय?"

"अजून नाही. पण हसाल. पासपोर्टचा फोटो म्हटलं की सगळ्यांना हसू येतं, आणि तिथे तेच चालत नाही."

"मला पासपोर्टचा फोटो नकोय."

"मग कसला हवाय?"

"कसलाच नाही हो... मला चक्कर आलीय!"

काळ्या पडद्याआडून एक उंच, किडकिडीत फोटोवाला बाहेर आला. गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर गोंधळ. त्याने घाईघाईने पाणी आणलं, आणि द्यायच्या नादात निम्मं स्वतःच्याच बुटांवर सांडलं. उरलेलं ती प्यायली. जमीन हळूहळू जागेवर आली, आणि मग तिच्या लक्षात आलं की फोटो तर तिला खरंच हवे होते. आठवडाभर ती ते काम टाळत होती.

"तुम्ही हसणारे फोटो काढता का?" तिने विचारलं.

"काढतो की."

"गाल फुगवलेले? कपाळावर आठ्या? एक डोळा मिटलेला? ओठांचा चंबू केलेला?"

फोटोवाला तिच्याकडे बघतच राहिला. "नाटकात काम करता?"

"नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात. फोनवर तक्रारी घेते."

आता तर बिचाऱ्याला काहीच कळेना. त्याची ती अवस्था पाहून तिला मजा वाटली. कितीतरी दिवसांत तिला कशाची मजा वाटली नव्हती. म्हणून असेल, जे ऑफिसातही कुणाला नीट सांगितलं नव्हतं, ते तिने या अनोळखी माणसाला सांगून टाकलं.

फोनवर लोकांचे आवाज बारीक येतात म्हणून तिने हेडफोन बदलून घेतला होता. मग पुन्हा बदलून घेतला. शेवटी वैतागून तोच हेडफोन उजव्या कानाला लावला, तर पलीकडचा माणूस केवढ्याने ओरडत होता! बिघाड हेडफोनमध्ये नव्हताच, डाव्या कानात होता. तपासण्या झाल्या. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एक गाठ निघाली. कर्करोगाची नाही, पण काढायलाच हवी अशी. डावा कान जाणार हे ठरलेलं. आणि चेहरा हलवणारी नस त्या गाठीला अगदी खेटून होती.

"डॉक्टर ती नस जपतील," ती म्हणाली. "तरी अर्धा चेहरा रुसू शकतो म्हणे. काही दिवस... किंवा काही महिने. किंवा... ते नाहीच सांगत कुणी. नंतर चेहऱ्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई आहेत, त्यांना आधीचा चेहरा कसा होता ते बघायचंय."

फोटोवाल्याने दिवे थोडे मऊ केले, स्टूल किंचित वळवलं आणि म्हणाला, "फुगवा गाल."

तिने फुगवले. घरी तिला सगळे खारू म्हणत, ते उगाच नाही.

फोटो हाती आले तेव्हा ती हरखली. आपण इतक्या देखण्या आहोत हे तिला ठाऊकच नव्हतं! मिरवतच ती ते बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"ही कोण?"

"मीच."

"तुझं हसू डावीकडे जास्त वर जातं. गालाला खळी पडते, तीही तिकडेच. इथे दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत. यावरून मी काय शिकवू तुला?"

ती तडक स्टुडिओत गेली आणि पाकीट टेबलावर आपटलं.

"माझं हसू कुठाय?"

फोटोवाल्याने फोटो पाहिले आणि त्याचे कान लाल झाले. "मी... सरळ केलं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. हात बसलाय हो. तिरकी मान, वाकडं नाक, बारका डोळा, जे दिसेल ते सारखं करून टाकतो. लोक खूश होतात."

"मग मूळ फोटो द्या."

"त्याच्यावरच केलं सगळं," तो पुटपुटला. "सवयीने."

ती भांडायलाच आली होती. पण तोंड उघडलं आणि रडूच आलं. "अहो, ते हसू जाईल म्हणून जिवाला घोर लागलाय माझ्या... आणि तुम्ही ते आधीच पुसून टाकलंत!"

तो इतका ओशाळला की तिलाच त्याची दया आली. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पुन्हा फोटो काढायचं ठरलं.

पण आता हसू येईना. आठ्या पडल्या, चंबू झाला, डोळा मिटला, हसू मात्र काही केल्या येईना. आणि फोटोवाल्याचा सगळा जन्म लोकांना हसू नका सांगण्यात गेलेला, त्याला हसवायचं कसं हेच ठाऊक नाही. तो एक विनोद सांगायला लागला आणि मध्येच शेवट विसरला. रोज संध्याकाळी ती यायची, स्टुलावर बसायची, तो काहीतरी खटपट करायचा, आणि फोटो न काढताच दोघं तासभर गप्पा मारत बसायची. आपण उद्या पुन्हा का येणार आहोत, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

एकदा तो चिडून म्हणाला, "इतकं काय अवघड आहे? हे बघा, एक डोळा असा मिटायचा—" आणि त्याचे दोन्ही डोळे मिटले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा दोन्ही मिटले. नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले, एक डोळा काही मिटेना!

"फोटोवाले असून एक डोळा मिटता येत नाही?" ती खदखदून हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. आणि याचे डोळे बंद! उघडले तोवर हसू ओसरत आलं होतं. त्यातलंच उरलंसुरलं त्याने घाईने टिपलं. डावीकडे उंच गेलेलं, खळीसकट. त्याला त्याने हातही लावला नाही.

फोटोंचं काम संपलं. आता भेटायचं कशाला? तर कारण सापडलं.

ताई घरी राहायला आली होती. आल्या आल्या तिने पलंग भिंतीला लावला, पायात अडकणारी सतरंजी गुंडाळून ठेवली, डोक्यातून घालायचे सगळे कपडे कपाटात वर टाकून समोर बटणं असलेले खाली काढले. डोळा नीट मिटला नाही तर पट्टी लावावी लागेल म्हणून खारू एक डोळा झाकून जेवायची सवय करत होती आणि घास नाकाला लावत होती. ऑपरेशननंतर तोल जाऊ नये म्हणून आत्तापासून चालायचा व्यायाम होता. चालता चालता मान डावीकडे वळवायची, मग उजवीकडे. पडलं तर धरायला शेजारी कुणीतरी हवं. ताईचा गुडघा दुखत होता. निदान त्या आठवड्यापासून दुखायला लागला होता.

मग फोटोवाला येऊ लागला. तिच्या उजव्या हाताला चालायचा, म्हणजे बोललेलं ऐकू यावं.

"डावीकडे बघा," तो म्हणायचा. डावीकडे कुंपण.

"उजवीकडे बघा." उजवीकडे तो.

कुंपण, तो. कुंपण, तो. रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत तिला गरगरायला लागायचं. आणि ही चक्कर नक्की कशाची, हे तिला सांगता यायचं नाही.

"मला एक सांग," ताई भाजी निवडताना म्हणाली, "कानात काहीतरी वाजतंय, पाय जमिनीवर ठरत नाहीत, जेवणात लक्ष नाही. हे सगळं त्या गाठीचंच ना गं?"

"मग कशाचं असणार?"

"मी कुठे काय म्हणतेय!" ताईने भाजीत डोकं घातलं.

खारू मात्र पुरती गोंधळली. घाबरलेल्या माणसाला कुणाचा तरी आधार हवासा वाटतो, तसं हे आहे का? की खरंच... आणि त्याचं काय? त्याला ती आवडते, की तिची कीव येते? रोज ती एक उत्तर ठरवायची आणि रोज तो दारात दिसला की विसरायची.

दवाखान्यात भरती व्हायचा दिवस जवळ आला. चालून परतताना तो कुंपणापाशी थांबला.

"मला काही सांगायचंय..."

"नका सांगू."

"पण मी अजून..."

"ऑपरेशननंतर सांगा. हा चेहरा बघून आत्ता काहीतरी बोलून बसाल आणि मग दुसराच चेहरा वाट्याला येईल. शब्द दिलाय म्हणून निभावत बसाल. मला नाही चालायचं ते. दवाखान्यातही येऊ नका."

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

ती घरी येऊन ताईवरच उखडली. "जा म्हटलं की जातं का गं कुणी?"

"तूच म्हणालीस ना जा?"

"म्हणून काय लगेच जायचं?"

ताईने हात जोडले.

भरती झाल्यावर नर्सने डाव्या कानामागचे केस काढले. तिथे हात लावला की गार लागत होतं. मामा भेटून गेला, मैत्रिणी भेटून गेल्या. सगळे एकच वाक्य बोलून गेले, "काही होणार नाही बघ." ती मान डोलवत राहिली आणि आतून एकटी पडत गेली. शेवटी तिने फोन उचलला आणि उजव्या कानाला लावला.

"या," एवढंच म्हणाली.

तो धापा टाकत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"बसा. एक विचारते, खरं सांगा. सगळे म्हणतात काही होणार नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही."

तिने श्वास सोडला. एवढे दिवस हे तीन शब्द तिला कुणीच दिले नव्हते.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. 

"माझ्या चेहऱ्याची?"

"माझ्या! ऑपरेशननंतर तुला पहिल्यांदा बघताना माझा चेहरा कसा होईल, याची. मी आयुष्यभर वाकडं दिसलं की सरळ करत आलो. बघत बसायची सवयच नाही मला. एका क्षणासाठी जरी माझं तोंड उतरलं, तर तू ते बघशील... आणि मग कधी विसरणार नाहीस."

तो 'तू' म्हणाला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आपल्याइतकंच घाबरलेलं आणखी एक माणूस या खोलीत आहे, या विचाराने तिला एकदम हलकं वाटलं. कीव करणारी माणसं अशी घाबरत नाहीत. ती धीर देतात आणि घरी जातात.

"उतरलं तर उतरू दे," ती म्हणाली. "मी रागावेन. भांडेन. पण तू तिथे हवास."

"म्हणजे येऊ?"

"ऐक ना... मला तू आवडतोस. गोंधळ अजून आहे, भीतीही आहे, पण त्यात हे एक पक्कं आहे. आत्ता सांगतेय, कारण आत्ता ओठ नीट हलतायत. नंतर म्हटलं तर जरा तिरकं येईल."

"मी समजून घेईन," तो म्हणाला. आणि मग त्यालाच रडू आलं. दाराबाहेर ताई उगाचच मोठ्याने खोकली.

ऑपरेशननंतर तिने डोळे उघडले तेव्हा छत फिरत होतं. डाव्या बाजूला आवाज नव्हता, नुसती पोकळी. गाठ निघाली, नस शाबूत आहे, पण दुखावलीय, वेळ घेईल, असं डॉक्टर सांगून गेले. छत थांबल्यावर तिला तो दिसला. तिने डोळे त्याच्या चेहऱ्यावर रोखले. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याचं तोंड उतरलं. तिने ते पाहिलं. तिने पाहिलं, हेही त्याने पाहिलं. तरी त्याने नजर हलवली नाही.

तिला वाटलं, आपण हसतोय. पण नक्की कळेना.

"हशतेय का मी?" शब्द खरंच तिरके आले.

त्याने नीट निरखून पाहिलं. अजिबात घाई केली नाही.

"उजवीकडे हसतेयस," तो म्हणाला. "डावीकडे अजून विचार चाललाय."

"आणि... नाहीच ठरलं तर?"

"तर मी उजवीकडे बसेन," त्याने खुर्ची पुढे ओढली, "आणि अधूनमधून डावीकडे जाऊन विचारत जाईन."