भुऱ्या बोलला ती संध्याकाळ

"बाई, आमच्या गावात कुत्रा बोललाय," पंढरी तामोरे म्हणाला आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला.

वामन सावेला हसू फुटलं. जवळच्याच माहीम गावच्या पानमळ्यातून सकाळी तो पालघरला येई, तो मामेबहिणीच्या, नलूच्या हातचा चहा घ्यायला आणि असले किस्से ऐकायलाच. नलू चुरी मात्र हसली नाही. मुंबईच्या टेलिफोन ऑफिसात अर्धं आयुष्य काढून ती गावी परतली होती, आणि स्टेशनसमोरच्या दोन खोल्यांत खाजगी तपासाची कामं घेत होती.

"काय बोलला?" तिनं विचारलं.

पंढरीनं तांब्या खाली ठेवला. "ठेव तं. आयची आन हाय तुला."

वामनचं हसू तिथंच विरलं.

पंढरी नवापूरचा. मासेमारी करणारा, पण व्हायोलिन वाजवणारा. गावातल्या हौशी माणसांना जमवून त्यानं वाद्यवृंद उभा केला होता. यंदा मावलीच्या जत्रेत सांजवेळी किनाऱ्यावर त्यांचा कार्यक्रम झाला. मावली म्हणजे गावदेवी. तिचा चांदीचा मुखवटा स्टेजवर पाटावर मांडला होता.

"राहीबाई गात होती. मधीच ढोलकी थांबली. ढोलकी तिचाच पोरगा रामू वाजवतो. काय झालं म्हणून मी मान वळवतो, तवर सगळे दिवे गेले. आणि त्या काळोखात भुऱ्या बोलला. स्टेजच्या पायाशी बसलेला असतो तो. मग काय तरी खणकन पडलं. दिवे आले तर मुखवटा स्टेजच्या कडेला, गोणपाटात अर्धा गुंडाळलेला. कुणीतरी चोरत होता, बाई, आणि कुत्र्यानं त्याला हटकला!"

"कुत्रा कुणाचा?"

"भिकाचा. सनई वाजवायचा आमच्यात. गेल्या वर्षी होडी उलटली, त्याचं प्रेतसुद्धा गावलं नाय." पंढरीचा आवाज खाली गेला. "लोक म्हणतात, भिकाच कुत्र्यात शिरलाय. आणि त्याची बायको हिरा, तिनंच मंत्र घालून त्याला आणलाय. तिच्या दारावर दगड पडतायत. उद्याच्या ओहोटीला कुत्र्याला होडीत घालून खोल पाण्यात सोडणार. मग हिराची पाळी. हिरा माझी धाकटी बहीण हाय, बाई."

"आवाज पुरुषाचा होता की बाईचा?"

पंढरी गोंधळला. "सांगता नाय येत. घोगरा, वाऱ्यासारखा. माणसाचा वाटतच नव्हता."

नलूनं चपला चढवल्या.

*

बोईसरला उतरल्यावर ती आधी हरेश्वरच्या दुकानात शिरली. जनरेटर, दिवे, लाउडस्पीकर, जत्रेला लागणारा सगळा सरंजाम हा हरेश्वरच भाड्यानं देई. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामापायी बोईसर वाढत होतं, तरी त्याच्या दुकानात अजून वीज आली नव्हती. कोपऱ्यातल्या काळ्या बॅटरीला जोडलेला भोंगा खरखरत होता आणि दोन हिंदी बोलणारे मजूर दाराशी उभे राहून गाणं ऐकत होते.

"दिवे कसे गेले?" नलूनं विचारलं.

"जनरेटरचं तेल संपलं, ताई. मी सुरूच्या बनात मशीनपाशीच होतो. तेल घातलं, पुन्हा चालू केलं. भुताखेताचं मला काही ठाऊक नाही."

"कुत्र्याचा आवाज ऐकलात?"

"एवढ्या लांबून? छे!"

"बरं. आज संध्याकाळी सगळं सामान तसंच्या तसं पुन्हा नवापूरला आणा. शांतीसाठी कार्यक्रम करायचा आहे."

हरेश्वर का कू करू लागला, पण दारातल्या मजुरांदेखत पंढरीनं गावची शपथ घातल्यावर त्याला नाही म्हणवेना.

टांग्यात वामन म्हणाला, "हा माणूस घाबरलाय."

"भुताला घाबरणारा माणूस भुताबद्दल बोलतो, वामनदादा. हा तेलाबद्दल बोलला."

वामनला त्यातलं काही उमगलं नाही.

*

नवापूरच्या वाळूत सुकवायला टांगलेल्या बोंबलांच्या रांगा होत्या. त्यांच्या पलीकडे स्टेज तसंच उभं होतं. त्याच्या फळ्यांना हात लावायला कुणी धजत नव्हतं. स्टेजच्या पायाशी वाळूत एक खळगा दिसत होता.

"इथं भुऱ्या बसतो," पंढरी म्हणाला. "भोंगा टांगायचा बांबू त्या दिवशी मोडला, म्हणून भोंगाही इथंच, वाळूत ठेवलेला. त्याला टेकूनच बसलेला तो."

हिराचं घर गावाच्या टोकाला. दारात फुटक्या कौलांचे तुकडे पडले होते. आत ती भुऱ्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. मातकट रंगाचा, कानाचा लचका तुटलेला तो कुत्रा. त्यानं वामनकडे रोखून पाहिलं. त्याचे ओठ हलले, आणि वामन दोन पावलं मागं सरला. कुत्र्यानं नुसती जांभई दिली होती.

"तू कुठं बसली होतीस त्या दिवशी?" नलूनं हळुवारपणे विचारलं.

"मागं, सुरूच्या कडेला. रांडमुंड बाईला पुढं कोण बसवतंय? इंजिन नुसतं धडधडत होतं कानाशी. गाणं धड ऐकू येत नव्हतं. मग काळोख झाला, बायका गप झाल्या, आणि त्या धडधडीवरनं तो आवाज आला..." हिरा थांबली. "भुऱ्याला नेऊ नका सांगा त्यांना. दगड मला मारा."

राहीबाई शेजारच्याच घरात राहत होती. गळ्याला फडकं गुंडाळून ती चुलीपाशी बसली होती. नलूनं विचारलेल्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. तिचा मुलगा रामूच पुढं झाला. पंचविशीचा, देखणा, बोटं सारखी कशावर तरी ताल धरणारी.

"आयचा गळा बसलाय. त्या दिवसापास्नं शब्द नाय फुटला तिच्या तोंडातनं. भ्यालीय ती."

"आणि तू काय केलंस अंधार झाल्यावर?"

"काय करणार? दिवे गेले, तशी ढोलकी थांबवली. गप बसून राहिलो."

निघताना नलू उंबऱ्याशी रेंगाळली. परसात एका मातीच्या परळात ताजा भात नि मासळीचा तुकडा होता. त्यावर कुत्र्याचे केस चिकटले होते.

"राहीबाई, भुऱ्या तुमच्याकडे जेवतो वाटतं?"

राहीबाईनं पदर तोंडाशी नेला. डोळे मात्र भरून आले.

*

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा सारा गाव किनाऱ्यावर जमला होता. वाद्यवृंदाची माणसं आपापल्या जागी बसली. राहीबाईपुढे माइक होता, तिच्या बाजूला रामू. भुऱ्या हिराचा हात सोडून आपल्या खळग्यात, पुन्हा तिथंच ठेवलेल्या भोंग्याला टेकून बसला आणि गर्दी लाटेसारखी मागं हटली.

नलूनं राहीबाईपुढचा माइक उचलला, आणि सुरूच्या बनाकडे हात केला. हरेश्वरशेजारी उभ्या पंढरीनं दिव्यांचा खटका ओढला.

गच्च काळोख झाला. बनात इंजिन धडधडत होतं. समुद्र कुठं संपतो नि माणसं कुठं सुरू होतात तेही कळेना. वामनला नुसते कुत्र्याचे डोळे दिसत होते.

आणि कुत्रा बोलला. घोगरा, वाऱ्यासारखा, माणसाचा नसलेला आवाज.

"वामनदादा... घाबरू नकोस..."

कुठं तरी एक बाई किंचाळली. पोरं रडायला लागली. मग दिवे आले. नलू माइक तोंडाशी धरून उभी होती.

"कुत्रा नाही, मी कुजबुजले," ती म्हणाली. "दिवे जनरेटरवर चालतात, पण भोंगा चालतो बॅटरीवर. दिवे गेले तरी तो मुका होत नाही. आणि कुजबुजीला ना बाईचा आवाज असतो ना पुरुषाचा. टेलिफोनवर कुजबुजणाऱ्या माणसांना मी अर्धा जन्म ऐकलंय. भोंगा होता भुऱ्याच्या पाठीशी, म्हणून तुम्हाला वाटलं तोच बोलला."

"मग बोललं कोण?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"आधी चोर. हरेश्वर म्हणतो, तेल संपलं. तेल संपलं तर इंजिन बंद पडायला हवं. काळोखात ते धडधडत होतं, हिरानं ऐकलंय. म्हणजे खटका कुणीतरी हातानं ओढला, आणि तिथं दुसरं कुणी नव्हतंच. भोंगा बॅटरीवर चालतो हे याच्याइतकं कुणाला ठाऊक? कुत्रा बोलला नाही, एवढं सांगून त्याला तुमची भीती घालवता आली असती. तो गप्प राहिला. तोंड उघडलं असतं तर दिव्यांबद्दलही बोलावं लागलं असतं."

हरेश्वरनं पाऊल मागं घेतलं. पंढरीनं त्याचा दंड धरला.

"आता स्टेजवरचा साथीदार. रामू म्हणतो, दिवे गेले म्हणून ढोलकी थांबली. पंढरी म्हणतो, ढोलकी आधी थांबली, मग दिवे गेले. अंधार येणार हे ढोलकीवाल्याला आधीच माहीत होतं."

रामूची बोटं थिजली.

"आणि तो आवाज." नलूचा स्वर मऊ झाला. "तुम्ही गावदेवीला मावली म्हणता. मग 'आयची आन' ही आय कोण? बाजूनं पोरगा उठला, मुखवट्यावर हात पडला, ते काळोखातही एका बाईला कळलं. दिवे गेले म्हणजे माइकही मेला असं तिला वाटलं. ती फक्त पोराच्या कानाशी बोलली. ऐकलं मात्र साऱ्या गावानं."

राहीबाई उठली. गळ्याचं फडकं तिनं ओढून काढलं.

"मीच बोलले," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. "माझ्यापायी त्या पोरीच्या दारावर दगड पडले. मी भिंतीआडनं ऐकत बसले. कुत्र्याला चोरून भात घातला, पण तोंड नाय उघडलं. पोरगा जाईल म्हणून."

रामू ढसाढसा रडत होता. हरेश्वरनं त्याला मुंबईच्या सिनेमावाल्यांत ढोलकीला बसवायचं कबूल केलं होतं. बदल्यात मुखवटा मागितला होता. आईची शपथ ऐकताच हातातून सगळं गळून पडलं, असं तो सांगत होता आणि तेवढं खरं होतं. गावानं हरेश्वरला पोलिसांच्या हवाली करायचं ठरवलं. रामूचं काय करायचं यावर आवाज चढले, तेव्हा पंढरी म्हणाला, "ते हिराला इचारा. दगड तिच्या दारावर पडलेत."

सगळ्यांनी मागं पाहिलं. हिरा भोंग्यापाशी वाळूत बसली होती. तिला रामूचं काही ऐकूच आलं नव्हतं.

"म्हंजे तो नव्हता?" तिनं नलूला विचारलं.

नलूनं हातातला माइक खाली ठेवला.

"दगड पडायचे तेव्हा मला काय वाटायचं नाय, बाई," हिरा म्हणाली. "पडू दे म्हणायचे. माझा माणूस परत आलाय, घरातच हाय, एवढं तर गाव कबूल करतंय."

राहीबाई स्टेजवरून उतरली, तिच्याजवळ जाऊन वाळूत बसली आणि तिनं हिराला कुशीत ओढलं. वर्षभरात पहिल्यांदाच हिरानं हंबरडा फोडला. भरतीचं पाणी स्टेजच्या खांबांपर्यंत आलं, तरी त्या दोघींना उठवायला कुणी पुढं झालं नाही.