जमिनीखालचे वाळे

खोटं वाटेल त्यांनी वाटू द्यावं. मी घडलं तसंच लिहिते आहे. धाकटी निजली आहे, तेवढ्यात.

साल १९९४, जून महिना. येलदरी धरणाची वसाहत.

आदल्या सालच्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं भूकंप टिपणारं एक मशीन बसवलं होतं. माझे मालक, नागनाथराव, रोज त्याचा कागद बदलायचे.

त्या चैत्रात आमची रुक्मा तापानं गेली. पाच महिन्यांची. दात न आलेलं लेकरू पुरतात. आमच्यात आई तिथं जात नाही, जागाही विचारत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आईला जागा कळली की लेकराचा पाय निघत न्हाई, बाई."

मी विचारलं नाही. पण भाकरी थापतानाही मनात तेच... कुठं असेल?

जूनमधल्या एका सकाळी मशीनची सुई हलली. दुसऱ्या दिवशी मशीनचा कागद बघायला परभणीहून साहेब आले. चहा पिताना म्हणाले, दक्षिण अमेरिकेत लय खोल, मोठा भूकंप झालाय. अख्खी पृथ्वी घंटेसारखी थरथरतेय, अजून काही दिवस थरथरेल. आपल्या मशीनला ते दिसत नाही, मोठ्या मशीनला दिसतं. त्यावरून तिच्या पोटात काय आहे ते कळतं.

मी दाराआडून विचारलं, "सगळंच कळतं का?"

"सगळं नाही ताई. मोठं मोठं तेवढं. बारीकसारीक नाही."

त्याच दुपारी वसाहत सामसूम होती. लिंबावरचे कावळे एकदम गप्प झाले...

छुन्...

वाळ्यांचा आवाज. पायाखालून.

मग काहीच नाही. तासाभरानं पुन्हा... जरा पुढून.

आटलेला पान्हा दाटून आला. चोळी भिजली. मी अनवाणीच निघाले.

धरणामागच्या माळावर एका हिवराच्या झाडाखाली तो आवाज थेट माझ्या तळपायांखाली आला.

मागून मालक धावत आले. मला तिथं बघून म्हणाले,

"तुला ही जागा कुणी सांगितली?"

"तिच्या वाळ्यांनी."

त्यांनी खाली बसून मातीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "वाळे माझ्या आईनं काढून घेतलते. पाय उघडेच होते तिचे."

खालून अजून वाजत होतं. मला ऐकू येत होतं. त्यांना नाही.

मी वाकले. मातीवर दूध पिळलं. माती पीत गेली...

आवाज थांबला.

पुन्हा कधीच आला नाही. पोट भरून निजली, की मी जागा पाहिली म्हणून तिथंच अडकली... मला अजून कळत नाही.

धाकटीला पाजायच्या आधी मी पहिली धार जमिनीवर सोडते. सासूबाई बघतात.