नळकांडं कोण फिरवतं?

"आजही फिरलंय!" मुंगी ओरडतच अंगणात आली.

सुट्टीचा चौथा दिवस. काकांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आग विझवायचं लाल नळकांडं उभं असायचं, तेही शिक्षा झालेल्या मुलासारखं भिंतीकडे तोंड करून! मुंगी आणि तिचा चुलतभाऊ रोज संध्याकाळी ते सरळ करत. सकाळी पाहावं तर पुन्हा पाठमोरं. चुलतभावाला सगळे कुलूप म्हणत, कारण त्याचं तोंड क्वचितच उघडे.

"काका, नळकांड्यावरचा दाबाचा काटा लाल पट्ट्यात आहे!"

काकांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "पाच वर्षांत कुणी वापरलंच नाही, तर संपेल कसं? उगाच राईचा पर्वत करू नका!"

कुलूपने मुकाट्याने वजनकाटा आणला. नळकांड्यावर छापलं होतं, भरलेलं वजन सहा किलो. प्रत्यक्षात भरलं चार!

"दोन किलो गेलं कुठे?" मुंगीचे डोळे चमकले. संध्याकाळी तिने नळकांड्याच्या दांडीला निळ्या खडूची पूड चोळून ठेवली.

सकाळी न्याहारीला सगळे बसले. निळी बोटं निघाली आजोबांची! मुंगी बोलणार, तोच कुलूप कुजबुजला, "सगळ्यांसमोर नको."

आजोबांच्या खोलीत दोघं गेली. आजोबांनी बोटांकडे पाहिलं आणि ते कसंनुसं हसले.

"पकडलंत म्हणायचं! मागच्या महिन्यात चहा करताना फडकं पेटलं. त्या नळकांड्यानंच विझवलं. पण काकाला कळलं असतं, तर त्यानं मला शेगडीजवळ फिरकू दिलं नसतं, म्हणून रोज काटा भिंतीकडे फिरवून ठेवायचो. सकाळचा तो एक कप, तेवढंच माझ्या हातचं उरलंय रे."

मुंगीला फार वाईट वाटलं. तरी ती म्हणाली, "पण आजोबा, पुन्हा पेटलं तर? तुमच्या खोलीतून बाहेर पडायचं ते स्वयंपाकघरातूनच. दुसरं दार कुठाय?"

 आजोबा काठी घेऊन उठले आणि काकांना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं.

काका आधी भडकले. दुपारी नळकांडी तपासणारा मेकॅनिक आला. "एकदा दाबलं की थोडं उरलं तरी दाब गळत जातो. लगेच भरून घ्यायला हवं होतं. आता तर याची मुदतही उलटलीय. नवंच घ्या." हे ऐकून काका खाली बसले.

"बाबांनी निदान आग तरी विझवली. मी पाच वर्षांत एकदा काटासुद्धा पाहिला नाही! पोरांनो, शाबास. मोठ्यांचे कान असे धरावेत!"

नवं नळकांडं आलं. फडक्याची खुंटी शेगडीपासून लांब गेली. दर महिन्याला काटा बघून सही करायचा कागद भिंतीवर लागला. पहिली सही आजोबांची.

दुसऱ्या दिवशी मुंगी उठली तेव्हा नळकांड्याचं तोंड भिंतीकडे नव्हे, समोर होतं, काटा हिरव्यात होता आणि आजोबा चहा गाळत होते. आज कप चार होते. काका शेजारी उभे होते, पण मध्येमध्ये करत नव्हते.

कुलूपने घोट घेतला आणि तोंड उघडलं.

"आजोबा, साखर विसरलात!"