आठव्या खाचराचं पाणी

तबाननच्या उतारावर भात पायरीपायरीने खाली येतं आणि पाणी पाळीपाळीने. देवळाच्या पाटावर सात खाचरं. पहिलं माझ्या आईचं. यंदा ओढा आटलेला, म्हणून पाळ्यांचं गणित मी देनपासार शहरात, कॉलेजातल्या संगणकावर मांडत होते.

गणिताच्या त्या प्रणालीत यादी सातावर संपते. आठवं मागितलं की ती चूक दाखवते. पण पाण्याला कुठला शेवट? सातव्यानंतर पुन्हा पहिलं. मी यादीच्या मूळ नियमाचं कुलूप काढलं आणि तिला गोल फिरायला शिकवलं.

"कोमांग, कुलूप परत लाव हं," शेजारी बसलेला ब्ली गेदे म्हणाला; ब्ली म्हणजे दादा. "मूळ नियम आहे तो. सगळी प्रणाली त्याच्यावर चालते."

"लावते रे ब्ली. तू आधी कॉफी पी, मुंग्या पितायत तुझी."

कुलूप तसंच उघडं राहिलं.

आठवं मागितलं. आईचं नाव यायला हवं होतं. आली एक बिननावाची ओळ. नाव नाही, पण क्षेत्र होतं, पाण्याची वेळ होती. मी काहीच भरलं नव्हतं. नववं मागितलं, तेव्हा आई आली.

मी माझा नियम पुसला. प्रणाली बंद करून उघडली. आता आठव्याला चूक दाखवायला हवी होती.

ओळ तिथेच.

गेदे खुर्ची ओढून जवळ आला.

फोन आला. आमचे पाटकरी, पाक रेंद. "पोरी, सातव्याची पाळी झाली. तुझ्या आईच्या खाचराचं दार उघडलंय, पण पाणी वळेना. रोपं उपटून ठेवलीत तिनं. आज लागली नाहीत तर हंगाम गेला म्हण."

"मग पाणी जातंय कुठे?"

त्यांनी फोन पाटाजवळ धरला; खळखळ ऐकू आली.

"जातंय सातव्याच्या पुढे," ते म्हणाले. "पण पुढे खाचरच नाही."

मी स्कूटर काढली.

पोचले तर आठव्याची पाळी संपून आईच्या खाचरात घोटाभर पाणी. लावणी झालेली. आई बांधावर उभी; हातपाय कोरडे.

"कुणी लावलं, मेमे?"

"देवळात फुलं ठेवून आले, तोवर झालं होतं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ओळी बघ. दोरी धरल्यासारख्या."

ओळी सरळ होत्या, पण जमिनीखालून कुणी लावल्यासारख्या. पाती चिखलात रोवलेली, आणि पांढरी मुळं वर, वाऱ्यावर हलत.