कुंड गार पडलं तेव्हा

"गाढव ट्रकमध्ये चढणार नाही!" ऑलिव्हिएर काका म्हणाले. "आधी माणसं. नियम आहे!"

"मग मीही चढणार नाही!" तामिका सार्जंटच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली.

सार्जंट म्हणजे तिचं गाढव. मागे सूफ्रिएर ज्वालामुखी भडकला, तेव्हा सार्जंटच्या आईला "दोन दिवसांत येतोच" म्हणून खुंटीला बांधून सगळे निघून गेले होते. परत आले तेव्हा खुंटीसुद्धा राखेखाली होती.

या वेळी डोंगर ना गुरगुरला, ना धुमसला. फक्त गावचं गरम कुंड गार पडलं. दर शनिवारी गाव त्या कुंडात जाळीच्या पिशव्या सोडून अंडी नि कच्ची केळी उकडायचं. आज दुपार झाली तरी केळी कच्चीच! कुंड बदललं की डोंगर बदलला, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. गावचे आपत्ती-प्रमुख ऑलिव्हिएर काका यांनी ताबडतोब ट्रक मागवले. वेधशाळेचा फोन लागत नव्हता. पण त्यावाचून काकांचं काही अडलं नाही.

"वर कुंडाच्या झऱ्याच्या मुखाशी कुणी जाऊन बघितलं का?" तामिकाचा चुलतभाऊ केल्रॉय म्हणाला.

"बघायला वेळ कुठाय? संकट आलंय!"

"बघितलं नाही, तर आलंय हे कुणी सांगितलं?" तामिका फणकारली. पण काका तोवर भोंगा शोधायला गेले होते.

झऱ्याचं मुख केळीच्या बागेपलीकडेच होतं. दोघं सार्जंटला घेऊन निघाले, आणि वर पोचले तर गाणी ऐकू आली!

झऱ्याला दगडांचा बांध घातलेला. बांधावर पाणी अडवायला नौकेचं जुनं शीड ताणलेलं. आत गळ्यापर्यंत वाफाळत्या पाण्यात तीन मोठी माणसं, हातात थंड पेले. खाडीत नांगर टाकलेल्या पांढऱ्या नौकेवरचे पाहुणे! गरम पाणी त्यांच्या हौदातून भलत्याच घळीत सांडत होतं. गावाकडे जात होता तो नुसता गार ओढा.

"हे आमच्या कुंडाचं पाणी आहे!" तामिकाच्या कानशिलांतूनही आता वाफ निघायची बाकी होती.

"निसर्ग सगळ्यांचा असतो, बाळ," टोपीवाले गृहस्थ म्हणाले. सगळ्यांचा म्हणजे तूर्त त्या तिघांचा.

"शीड काढा!"

"उद्या काढू हं. आज आमची सुट्टी आहे."

तामिका दगड उचलणार, इतक्यात केल्रॉयने तिचा हात धरला. "राहू दे गं." मग पाहुण्यांना म्हणाला, " बसा तुम्ही आरामात. खाली गाव ट्रकमध्ये बसतंय."

"का बरं?" त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं.

"ज्वालामुखी."

"कुठला?"

"तुम्ही ज्याच्या मांडीवर बसलाय तो."

तेवढ्यात काकांना भोंगा सापडला! त्याचा आवाज डोंगरभर घुमला, आणि तिघं पाहुणे चपलांसाठीही न थांबता उतारावरून सुसाट सुटले. केल्रॉय एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

शिडाची दोरी तामिका नि केल्रॉयने सार्जंटच्या खोगिराला बांधली. "ओढ, राजा!" शीड फाटत निघालं, बांध कोसळला आणि पाणी गावाकडे धावलं.

खाली ट्रक सुरू झाले होते. "काका, आधी कुंडात बोट घाला!" तामिका ओरडली.

"वेळ नाही!"

"सार्जंटला मरायला सोडायला वेळ आहे, नि बोट बुडवायला नाही?"

सगळं गाव बघत होतं. काकांनी बोट घातलं.

"आई आई गं!"

सार्जंटमागे फरफटत आलेलं शीड सगळ्यांनी पाहिलं. पाहुणे ते परत मागायला आले, तेव्हा गावच्या बायकांनी तिघांना केळी सोलायला बसवलं. सोललेलं एकही त्यांना दिलं नाही.

"शाबास, पोरांनो!" काका बोट फुंकत म्हणाले. "आपल्या सर्वांच्या दक्षतेमुळे..."

"तुमच्या नाही!" तामिका म्हणाली. "आणि पुढच्या वेळी खरंच भडकला तर? सार्जंटचं काय?"

"तेव्हा बघू."

"मागच्या वेळीही 'बघू'च म्हणाला होतात!"

 काका स्वतःच जाऊन दोन जाड फळ्या घेऊन आले आणि ट्रकला टेकवल्या.

सार्जंट एका हाकेत चढला. उतरायला मात्र रविवार दुपारपर्यंत तयार नव्हता.